प्लग काढला, पण चार्ज गेला का?

पॉवर सप्लायचं झाकण उघडून समोर ठेवलं की शिकायला आलेल्या मुलांपैकी कुणीतरी विचारतंच, "सर, चार्ज असलेल्या कपॅसिटरला हात लागला तर माणूस मरतो का?" हो म्हणावं तर टेबलावरचा प्रत्येक कपॅसिटर त्यांना बॉम्ब वाटू लागतो. नाही म्हणावं तर कुणीतरी बिनधास्त बोर्ड उचलून उलटा करतो. कपॅसिटर म्हणजे विजेचा चार्ज साठवून ठेवणारा भाग. म्हणून मी त्यांनाच तीन गोष्टी विचारतो. व्होल्ट किती, मायक्रोफॅरड (म्हणजे चार्ज साठवायची क्षमता) किती, आणि हात कुठून कुठे लागला? ही तीन उत्तरं बदलली की 'काहीही होणार नाही' इथपासून 'जीव जाऊ शकतो' इथपर्यंत काहीही खरं ठरू शकतं.

दुरुस्तीला सगळ्यात जास्त येतो तो एसएमपीएस, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद (स्विचिंग) करून हवं ते व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. मेन्सचे २३० व्होल्ट ब्रिज रेक्टिफायरमधून (उलटसुलट वाहणाऱ्या एसीचं एकाच दिशेचं डीसी करणारा भाग) गेले की पुढच्या मोठ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी जमतात. २३० हा आरएमएस, म्हणजे एका प्रकारे सरासरी आकडा आहे. लाटेचं शिखर त्याच्या १.४१ पट असतं आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. त्याच्या अंगावर ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते त्याला किती सोसतं याचा आकडा. आत्ता आत किती आहेत ते फक्त मीटर सांगतो.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते आणि नवीन मुलांच्या डोक्यात ती उलटी बसलेली असते. त्यांना वाटतं, चालू सप्लाय धोक्याचा आणि बंद पडलेला निर्धोक. प्लग काढल्यानंतर बघितलं तर बऱ्याचदा नेमकं उलट असतं. धडधाकट सप्लायचा प्लग काढला की पुढचं सर्किट काही क्षण चालतच राहतं आणि कपॅसिटरमधला बहुतेक चार्ज ओढून घेतं. पंख्याची गती मंदावते, एलईडी विझतो, तो याच शेवटच्या चार्जवर. पण ज्या सप्लायचा फ्यूज शाबूत आहे आणि स्विचिंगच सुरू होत नाही, त्यात चार्ज ओढायला कुणी नाही. बाहेरून बघावं तर 'डेड'. आत कपॅसिटर पूर्ण ३२५ व्होल्टवर भरून बसलेला. आणि दुरुस्तीला येतात ते असेच.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने असाच एक बोर्ड कडेला धरून उलटवला. अंगठ्याचं पेर सोल्डरच्या बाजूला नेमकं त्या कपॅसिटरच्या दोन पायांवर टेकलं. 'चट्' असा आवाज आला, बोर्ड हातातून उडाला आणि त्याचं कोपर मागच्या रॅकवर जोरात आपटलं. अंगठा बघितला तर त्यावर दोन पांढरे ठिपके होते. टाचणीच्या डोक्यापेक्षा किंचित मोठे, मधोमध करडे, आणि एकमेकांपासून बरोबर एक सेंटिमीटरवर. या जातीच्या कपॅसिटरच्या दोन पायांत तेवढंच अंतर असतं. रक्ताचा थेंब नाही. पुढे त्या जागी कातडी कडक झाली आणि सालपटासारखी निघून आली. तो तेव्हा कोपर चोळत होता, अंगठ्याची त्याला फारशी तक्रारच नव्हती.

त्या दोन ठिपक्यांत बरंच काही वाचता येतं. करंट एका पायातून निघाला, अंगठ्याच्या मांसातून सेंटिमीटरभर गेला आणि दुसऱ्या पायात परतला. छातीकडे गेलाच नाही. सगळी ऊर्जा त्या इवल्याशा जागेत उतरली, म्हणून भाजलं. तोच चार्ज, तेच व्होल्ट, पण कपॅसिटरचा एक पाय उजव्या हाताला आणि दुसरा डाव्या हाताला लागला असता तर वाट दंडांतून आणि छातीतून गेली असती.

त्याचा हिशेब मांडून बघू. त्या बोर्डवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे व्होल्टेजचा वर्ग गुणिले कपॅसिटन्स, त्याच्या निम्मी. ३२५ व्होल्टला ती जवळजवळ २५ ज्यूल येते. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शरीराचा रोध या व्होल्टेजला ढोबळमानाने १००० ओहम धरतात. म्हणजे स्पर्शाच्या क्षणी ३२५ मिलिअँपिअर. मग कपॅसिटर रिकामा होत जातो तसा करंट उतरतो: रोध आणि कपॅसिटन्सच्या गुणाकाराइतक्या वेळात, म्हणजे इथे ०.४७ सेकंदात, तो ३७ टक्क्यांवर येतो, तेवढ्याच आणखी वेळात उरलेल्याच्या ३७ टक्क्यांवर, आणि असाच पुढे. ३० मिलिअँपिअरच्या खाली यायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. हा ३० चा आकडा मी मुद्दाम घेतला, कारण माणसाच्या संरक्षणासाठी बसवलेला आरसीसीबी तेवढ्या गळतीला लाइन तोडतो. कपॅसिटरचा करंट डीसी असतो आणि लांबलेल्या डीसीला हृदय एसीपेक्षा जास्त टिकून राहतं, हे खरं. पण इथे लाइन तोडायला मध्ये कुणीच नाही. आरसीसीबीला या कपॅसिटरमधला करंट दिसतही नाही.

एक सेकंद म्हणजे किती, हे हृदयाच्या बाजूने बघावं लागतं. विश्रांतीत हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा. प्रत्येक ठोक्यात, खालचे कप्पे आकुंचन पावून पुन्हा तयार होत असताना, एक छोटा नाजूक काळ असतो. ईसीजीवर टी नावाची लाट दिसते तिच्या आसपास. त्या वेळी बाहेरून पुरेसा करंट आला तर ठोक्याची लय मोडून हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. यालाच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. झटका मिलिसेकंदाचा असेल तर तो या नाजूक काळात पडेल की नाही हा नशिबाचा भाग. झटका सेकंदभर रेंगाळला तर एखादा नाजूक काळ त्याच्या तावडीत सापडतोच. म्हणून ज्यूल सारखे असले तरी मोठ्या मायक्रोफॅरडचा, हळू उतरणारा कपॅसिटर मी वेगळा मोजतो.

दुसऱ्या टोकाला मायक्रोवेव्ह ओव्हनचा कपॅसिटर. साधारण १ मायक्रोफॅरड, पण त्यावर २००० व्होल्टच्या वर. ऊर्जा दोन ज्यूलच्या आसपास. हाताला लागला तर पहिल्या क्षणी दोन अँपिअर आणि सगळा खेळ काही मिलिसेकंदांत खलास. दोन ज्यूल ऐकून कुणी निवांत होऊ नये. इतक्या व्होल्टला कातडीचा अडथळा उरतच नाही. त्यातही ओव्हन चालू असताना उघडून हात घालणं ही तर निराळीच गोष्ट आहे. तिथे मागे ट्रान्सफॉर्मर उभा असतो, तो रिकामा होत नाही, आणि त्याच्या झटक्याने जीव जाऊ शकतो.

कातडीचं काम समजलं की पुष्कळ कोडी सुटतात. शरीराचा आतला भाग, रक्त, स्नायू, हे सगळं खारट ओलं असल्यामुळे त्याचा रोध कमी, काही शे ओहम. खरा अडथळा कातडीच्या वरच्या मृत, कोरड्या थरात. कमी व्होल्टेजला हा थर एकटाच दहा-दहा हजार ओहम आणि त्याहून जास्त रोध देतो. व्होल्ट वाढवत शेकड्यांत नेले की तो फुटतो आणि मग आतल्या ओल्या वाटेचाच रोध राहतो. घामाने किंवा पाण्याने हात ओले असतील तर फुटायचीही गरज नाही.

म्हणूनच मी मुलांना ३००० फॅरडचा सुपरकपॅसिटर हातात देतो. २.७ व्होल्टला पूर्ण भरलेला. मायक्रो नव्हे, अख्खे फॅरड. त्यात जवळपास ११,००० ज्यूल असतात, त्या बोर्डवरच्या कपॅसिटरच्या चारशे पटींहून जास्त. दोन बोटं दोन टोकांवर टेकवा, काहीही कळत नाही. २.७ व्होल्टला कोरडी कातडी ओलांडताच येत नाही. पण देण्याआधी सगळ्यांच्या बोटातल्या अंगठ्या आणि मनगटावरची धातूची घड्याळं काढायला लावतो. त्याच दोन टोकांवर अंगठी आडवी पडली तर शेकडो अँपिअर वाहतात, अंगठी तापून बोटात रुतते आणि ती काढायलाही वेळ मिळत नाही. इथे विजेचा झटका नाही, नुसतं भाजणं आहे, आणि ते फार वाईट असतं.

याच्या बरोबर उलट प्रकार म्हणजे कोरड्या हवेत दाराच्या मुठीला हात लावल्यावर बसणारा चटका. तेव्हा आपलं शरीरच कपॅसिटर असतं, सुमारे १०० पिकोफॅरडचा, आणि त्यावर १०,००० व्होल्टसुद्धा सहज असू शकतात. पण ऊर्जा येते ५ मिलिज्यूल. माणूस दचकतो, एवढंच. आयसी (बोर्डवरची चिप) मात्र मरू शकतो, पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

माणसाला कपॅसिटरची पहिली ओळख झाली तीच झटक्यातून. १७४५ मध्ये एवाल्ड फॉन क्लाइस्ट आणि त्यानंतर थोड्याच काळात लायडनमध्ये पीटर फान मुशेनब्रूक, दोघांनी स्वतंत्रपणे, काचेच्या भांड्यात वीज साठते हे अंगावर झटका घेऊनच शोधलं. मुशेनब्रूकने तर लिहून ठेवलं की फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा झटका पुन्हा घेणार नाही. पुढे १७४६ साली फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभं केलं आणि त्यांच्यातून असंच एक भांडं डिस्चार्ज केलं. सगळे एकदम उडाले. लिटरभर मापाच्या अशा भांड्याची, म्हणजे लायडन जारची क्षमता साधारण एक नॅनोफॅरड असते, म्हणजे ३०,००० व्होल्टलाही अर्धा ज्यूल भरत नाही. तो १८० जणांत वाटला गेला, म्हणून राजाची करमणूक झाली आणि कुणाला इजा झाली नाही.

पण मला या सगळ्यांत बेंजामिन फ्रँकलिन यांचं डिसेंबर १७५० मधलं पत्र सर्वांत मोलाचं वाटतं. नाताळच्या सुमारास ते दोन मोठ्या जारांनी एक टर्की मारून दाखवणार होते. एक हात जारांच्या वरच्या तारांवर, दुसऱ्या हातात बाहेरच्या बाजूला जोडलेली साखळी, आणि सगळा चार्ज त्यांच्याच दोन्ही दंडांतून आणि छातीतून गेला. आजूबाजूच्यांनी सांगितलं की झोत मोठा होता आणि आवाज पिस्तुलासारखा झाला. फ्रँकलिन लिहितात की आपल्याला ना झोत दिसला ना आवाज ऐकू आला, कारण शुद्धच त्या क्षणी हरपली होती. मग डोक्यापासून पायापर्यंत एक सर्वांगी तडाखा, शरीराची जोरदार थरथर, हात आणि मानेचा मागचा भाग बधिर, वीज शिरली तिथे हातावर गोल सूज, आणि पुढे बरगड्यांच्या मधलं हाड ठणकत राहिलं. अडीचशेहून जास्त वर्षं झाली, पण हातापासून हातापर्यंत गेलेल्या कपॅसिटरच्या झटक्याचं इतकं नेमकं वर्णन करणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. आणि मनावर ठसतं ते हे, की जोराचा झटका बसणाऱ्याला कळतच नाही. 'बसला तर हात मागे घेऊ' हा विचारच तिथे लागू होत नाही.

एसीच्या झटक्यात हात चिकटतो, कारण सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारा करंट स्नायूला सैल पडूच देत नाही. कपॅसिटर चिकटवून ठेवत नाही, तो फेकून देतो. स्नायू एकदाच, पूर्ण ताकदीने आखडतात. हा फेकला गेलेला हात कुठे जाऊन आदळतो यावर पुढची इजा ठरते. उघड्या शासीच्या (यंत्राच्या धातूच्या चौकटीच्या) पत्र्यावर, फिरत्या पंख्यात, शिडीवर असाल तर खाली जमिनीवर. जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या हातांवर पत्र्याने कापल्याचे व्रण दिसतात. ती ट्यूबही काचेचा कपॅसिटरच होती, २५,००० व्होल्टपर्यंत भरणारी. ऊर्जा ज्यूलभरही नसायची, पण हिसका जबरदस्त.

'कपॅसिटरच्या एकाच पायाला हात लागला तर?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाट पूर्ण झाली नाही तर करंट वाहत नाही, बरोबर. पण पुष्कळ यंत्रांत कपॅसिटरचं एक टोक शासीला जोडलेलं असतं, आणि दुसरा हात शासीवर टेकवूनच माणूस वाकलेला असतो. टेबलावर ऑसिलोस्कोपची (विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) अर्थ क्लिप लावलेली असेल तर आधी सुटं असलेलं टोकही अर्थला जोडलं जातं. म्हणून चार्ज असण्याची शक्यता असलेल्या बोर्डवर काम करताना एक हात मागे, पाठीशी. जुने लोक खिशात घालतात. काहीही करा, तो बोर्डजवळ नको.

डिस्चार्ज करताना स्क्रू ड्रायव्हर आडवा ठेवण्याची सवय मला अजिबात मान्य नाही. फट् करून ठिणगी उडते, वितळलेल्या धातूचे कण चेहऱ्याकडे येतात, पात्याला खड्डा पडतो आणि कपॅसिटरच्या आतल्या जोडणीलाही मार बसतो. माझ्याकडे २.२ किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर आहे, दोन्ही टोकांना चांगल्या इन्सुलेशनच्या वायर आणि प्रोब लावलेला. ४७० मायक्रोफॅरडला एक सेकंद हा त्याचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. मीटर समांतर लावून प्रोब टेकवले की आकडे ३२५ वरून धाडधाड उतरतात, १२० च्या आसपास येईपर्यंत डोळ्याला पकडता येत नाहीत, मग ४४, १६, ६ असे हळू होत जातात. मी प्रोब पाच सेकंदांनी काढत नाही, दहा धरतो. रेझिस्टर नसेल तर २३० व्होल्टचा फिलामेंटचा बल्ब चालतो. तो भपकन पेटतो आणि विझत जातो. पण बल्ब विझला म्हणजे शून्य झालं असं नव्हे, मीटर लावायचाच.

बोर्डवर ब्लीडर रेझिस्टर (कपॅसिटर आपोआप रिकामा करायला बसवलेला) असतोच, मग एवढं कशाला, असं म्हणणारे भेटतात. २२० मायक्रोफॅरडला २२० किलोओहमचा ब्लीडर असेल तर ३२५ वरून ५० व्होल्टवर यायला दीड मिनिट लागतं, दहाच्या खाली जायला जवळपास तीन मिनिटं. आणि हे ब्लीडर शाबूत असेल तर. वर्षानुवर्षं गरम राहून तो आतून तुटला असेल तर बाहेरून काहीच ओळखू येत नाही. मी त्याच्यावर कधीच भिस्त ठेवत नाही.

मोठ्या मोटरच्या ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात) तर तीन फेजचे ४०० व्होल्ट रेक्टिफाय होऊन ५६५ च्या आसपास डीसी बस (आतली मुख्य डीसी लाइन) तयार होते, आणि तिच्यावर हजारो मायक्रोफॅरड. ४००० मायक्रोफॅरड धरले तर ६०० ज्यूलच्या वर. रुग्णालयातला डिफिब्रिलेटर लय मोडून थरथरणाऱ्या हृदयाला कपॅसिटरमधून जे देतो ते २०० ज्यूलच्या आसपास, काही मिलिसेकंदांत, छातीवर नेमक्या जागी, ठरवून आकार दिलेल्या लाटेत. १९६२ मध्ये बर्नार्ड लाउन यांनी कपॅसिटरच्या डीसी झटक्याने हृदयाची लय परत आणण्याची पद्धत मांडली तेव्हा लाटेचा आकार आणि वेळ यांवरच सगळी मेहनत होती. ड्राइव्हच्या बसबारला अशी कुठलीच शिस्त नाही. त्यावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढं थांबायचं, आणि मग मीटरने बघायचं. छापलेली मिनिटं धडधाकट ड्राइव्हसाठी असतात.

झटका बसलाच आणि तो हातापासून हातापर्यंत किंवा हातापासून पायापर्यंत गेला असेल, छातीत धडधड, दुखणं किंवा क्षणभरही शुद्ध हरपणं झालं असेल, तर 'बरं वाटतंय' म्हणून कामाला लागू नये. ईसीजी काढून घ्यावा. बोटावरचा बारीक ठिपकाही डॉक्टरांना दाखवावा, कारण वरून लहान दिसणारी विजेची भाजणी आत खोल गेलेली असू शकते.

आणि एक राहिलं, जे मीटरवर दाखवल्याशिवाय मुलांना पटत नाही. मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करून शून्य दाखवायचा, प्रोब काढायचे आणि मीटर तसाच ठेवायचा. आकडा हळूहळू वर चढायला लागतो. एक व्होल्ट, तीन, सात. कुणी हात लावलेला नाही, प्लग तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलाय. डायइलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या दोन प्लेट्समधल्या इन्सुलेशनच्या थरात जिरलेला चार्ज सावकाश परत प्लेट्सवर येतो. इलेक्ट्रोलायटिकमध्ये हे मूळ व्होल्टेजच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. ३२५ ला ते ३०-५० व्होल्ट, फार तर टोचेल. पण हजारो व्होल्टच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये हाच उरलेला हिस्सा माणसाला पुरेसा असतो. म्हणून असे कपॅसिटर गोदामात ठेवताना दोन्ही टर्मिनल जाड तारेने बांधून ठेवतात, आणि ती तार बसवायच्या वेळीच काढायची असते.